बल्लारपुरी पुस्तकप्रेमी

बल्लारपुरी पुस्तकप्रेमी पुस्तक आधी चाचपतो, मग हुंगतो आणि सवड झालीच तर वाचतो. या क्रमाला कारण आहे. इथल्या कागद कारखान्याची कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूचा बल्लारपुरात कागद होऊ लागला. बाकी गावांतला वाचक लेखकाचे नाव पाहतो. हा कागदाची जात पाहतो. अंगठा आणि तर्जनीत पान धरून, डोळे किंचित मिटून तो निकाल देतो : ‘सत्तर जीएसएम. मॅपलिथो.’ जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन. लेखकाने दहा वर्षे खपून लिहिलेली कादंबरी ‘मागची शाई पुढं दिसते’ एवढ्या शेऱ्यावर बाद होते.

वासाच्या बाबतीत तर तो हळवाच. कोऱ्या पुस्तकाचा वास शाई आणि डिंकाचा, जुन्याचा वास कागदातले लिग्निन आणि सेल्युलोज हळूहळू विघटित झाल्याचा. पण हाच कागद तयार होताना, बांबू सोडियम सल्फाइडच्या द्रावणात शिजतो तेव्हा, कुजक्या कोबीचा दर्प सुटतो. वारा फिरला की हा गृहस्थ घाईघाईने खिडकी लावतो आणि उरलेला श्वास पुस्तकात नाक खुपसून घेतो.

मुलगा पुण्याला नोकरीला लागला की पहिल्या दिवाळीत घरी ई-रीडर येते. ते उलटेपालटे करून, आतून-बाहेरून हुंगून प्रश्न येतो, ‘याले का पुस्तक म्हन्तेत गा?’ मग हरकती सुरू होतात. पहिली हरकत चार्जिंगची. ई-शाईचा पडदा मुख्यतः पान उलटताना वीज खातो, म्हणून यंत्र कित्येक दिवस चालते, हे त्याला पटत नाही. 2920 मेगावॅटचे वीज केंद्र शेजारी चंद्रपूरला असूनही पटत नाही. दुसरी हरकत टिकाऊपणाची. मे महिन्यात पारा सेहेचाळीसवर गेला की कपाटातल्या पुस्तकांचा डिंक सुकतो आणि पाने हातात येतात, पावसाळ्यात कसर लागते. तरी टिकाऊ म्हणजे छापीलच. तिसरी हरकत मात्र वजनदार आहे. 2009 मध्ये अ‍ॅमेझॉनने ऑर्वेलची ‘1984’ ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकली होती, नेमकी तीच. छापील पुस्तक दुकानदाराला असे रात्रीतून परत नेता येत नाही. शेजारी नेतो, ती गोष्ट वेगळी.

मुलगा शेवटी झाडांचा मुद्दा काढतो. बाप तयारच असतो : बांबू हे झाड नव्हेच, गवत आहे, कापले की पुन्हा येते. वनस्पतिशास्त्र त्याच्या बाजूने आहे. इतिहास तितकासा नाही. हे गवत कापायचे कुणी आणि विकायचे कुणी, यावर गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला वर्षानुवर्षे भांडावे लागले. 2009 मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती पडायला 2011 उजाडले. हा विषय निघाला की पुस्तकप्रेमी चहा मागवतो.

ई-पुस्तकाला त्याच्या आयुष्यात एक जागा मात्र पक्की आहे. कुणी कपाटापुढे उभे राहून ‘काका, हे वाचायला नेऊ का?’ असे विचारले, की काका कपाट आणि माणूस यांच्यामध्ये येऊन उभे राहतात. ‘तुम्हाला कशाला ओझं? पीडीएफ पाठवतो की!’ आणि खरोखर पाठवतात, तीही चोरटी, वर सोसायटीच्या ग्रुपवरही टाकतात. लेखकाला त्यातून छदाम मिळत नाही. कागदावरचे काकांचे प्रेम अस्सल आहे. लेखकाने त्यांच्या भरवशावर चूल मांडू नये.