चंद्रपूरचं गिऱ्हाईक

चंद्रपुरात एक गिऱ्हाईक राहतं. नाव इंग्रजी, आडनाव इंग्रजी, बापाच्या नावाला रकानाच नाही. हे गिऱ्हाईक सिनेमाच्या डीव्हीडी भाड्यानं आणतं. दुकानाच्या शाखा दोन: एक कॅनडातल्या लेथब्रिजला, दुसरी ऑस्ट्रेलियातल्या वुडरिजला. तरीही मे २००५ पासून पुढे या चंद्रपूरकरानं डझनभर तरी सिनेमे नेले आणि भाडं डॉलरमध्ये मोजलं. नोंद पक्की आहे. जगात डेटाबेसची रचना शिकायला बसणाऱ्या अनेकांच्या संगणकात ती कधी ना कधी उतरते.

‘सकिला’ असं त्या नमुना-डेटाबेसचं नाव. मायएसक्यूएल शिकणाऱ्यांच्या हाती तो फुकट ठेवला जातो. १६ तक्ते, १००० सिनेमे, ५९९ गिऱ्हाइकं. गावांच्या यादीत मिरज आहे, भुसावळ आहे, परभणी आहे आणि आपलं चंद्रपूरही आहे. गडचिरोली नाही. १९८२ साली जिल्हा वेगळा झाला, पण भाड्यानं सिनेमा देण्याइतका भरवसा अजून कुणाला वाटलेला दिसत नाही.

आता मला त्या गिऱ्हाइकाची काळजी लागून राहिली आहे. डीव्हीडी परत करायची मुदत तीन दिवसांपासून सात दिवसांपर्यंत, त्यापुढे नाही. म्हणजे भर मे महिन्यात, पारा ४६ वर असताना, हा माणूस डीव्हीडी पिशवीत घालून चंद्रपूरच्या स्टँडवर उभा. एसटीनं नागपूर, तिथून विमानानं मुंबई, मग समुद्र, मग कॅनडा, मग पुन्हा एखादी बस. काउंटरवर डीव्हीडी सरकवायची, दुसरी उचलायची आणि त्याच पावली मागं फिरायचं, कारण त्या दुसरीची मुदतही तीनच दिवसांची असू शकते. सिनेमा बघायचा कधी? वरोऱ्याला फाटक लागलं, गाडी खोळंबली, तर विलंबाचा आकार कोण भरणार? खिडकीशी ठेवलेल्या डीव्हीडीचा उन्हानं पापड झाला, तर भरपाई दहा ते तीस डॉलर. बरं, तक्रार करावी तर अख्ख्या दुकानात नोकर दोन, दोन खंडांत एकेक. माणूस चिवट खरा. शिकणारी पोरं मात्र हे काही विचारत नाहीत. ती मुकाट्यानं ‘ग्राहक’ तक्त्यापासून ‘भाडे’ तक्त्यापर्यंत रेघ ओढतात. त्या रेघेच्या टोकाला तीन फाटे असतात, त्याला कावळ्याचा पाय म्हणतात. तो का काढायचा, हे विचारलं की सर म्हणतात, परीक्षेत येतो.

दुसरा नमुना याहून जुना: नोकर आणि खाती. १४ नोकर, ४ खाती, पैकी एका खात्यात एकही माणूस नाही. हा एकच नमुना मला आपल्या गडचिरोलीच्या जंगलपट्टीतला वाटतो. फक्त आपल्याकडे त्या रिकाम्या खात्याच्या दारावर पाटी असते आणि ‘साहेब मीटिंगला गेले’ असं सांगायला एक शिपाई.

तर धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या पोरानं सुरुवात कुठून करावी? व्हिडिओ आहेत की. पहिली वीस मिनिटं सॉफ्टवेअर बसवण्यात जातात, पुढची पाच चॅनल सबस्क्राइब करा म्हणण्यात, आणि मग शिकवणारा पडद्यावरचा इंग्रजी मेनू मराठीत मोठ्यानं वाचून दाखवतो. याला मराठीतून शिक्षण म्हणायचं. भामरागडला असाल तर तेवढंही नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, मग वीज, मग नेटवर्क, आणि पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहतं. तालुक्याच्या क्लासात जावं, तर तिथं गाइड. त्यात ‘थर्ड नॉर्मल फॉर्म’ची व्याख्या चौकटीत. ती पाठ करायची. पाठ झाली की सर्टिफिकेट, रंगीत छपाईचे पैसे वेगळे.

१९७० साली डेटाबेसचं रिलेशनल मॉडेल मांडलं गेलं, तेव्हा उदाहरणाला घेतले होते पुरवठादार, सुटे भाग आणि प्रकल्प. मांडणाऱ्याच्या आसपास कारखाने होते, म्हणून उदाहरण कारखान्याचं. बरोबरच केलं. आमच्या आसपास तेंदूपत्त्याची फळी आहे, म्हणजे पानं मोजून घ्यायची जागा. त्या फळीवरच्या वहीत डेटाबेसचा अख्खा अभ्यासक्रम पडलेला आहे आणि तो उघडायची कुणाला गरज वाटलेली नाही.

बघा. पहाटे अंधारात घरची सगळी माणसं जंगलात. दुपारपर्यंत पानं तोडून आणायची, ७० पानांचा एक पुडा बांधायचा, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचा. मुन्शी वहीत लिहितो: तारीख, नाव, गाव, पुडे, दर, रक्कम. एकच लांबलचक ओळ. आता मास्तरानं इथं थांबून विचारावं, की बाबांनो, दर या ओळीत कशाला? दर काही माणसागणिक ठरत नाही, तो ग्रामसभेचा नि ठेकेदाराचा त्या हंगामाचा करार. तो वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहा. रोज प्रत्येक ओळीत लिहिलात की कुणाच्या तरी ओळीत चुकणार, आणि आजवरचा अनुभव असा, की तो चुकतो तेव्हा कमीच होतो, जास्त कधी होत नाही. झाली की थर्ड नॉर्मल फॉर्मची सुरुवात! चौकट नको, व्याख्या नको. मग पुढचा प्रश्न: कार्ड नवऱ्याच्या नावावर, पानं तोडली बायकोनं नि दोन पोरींनी, पैसे कुणाच्या खात्यात? म्हणजे ‘कुटुंब’ वेगळं आणि ‘माणूस’ वेगळा, एका कुटुंबात माणसं अनेक. इथं काढा तुमचा कावळ्याचा पाय, इथं तो शोभतो. आणि अवघड गणित शेवटी ठेवा. शेकड्यावर दोन-चार पुडे खराबीच्या नावाखाली जास्तीचे घेतले जातात ना कुठं कुठं? त्यांना रकाना कोणता? वहीत तो नाही. सॉफ्टवेअरमध्येही नसेल, कारण ज्याला तो हवा त्याला कुणी डिझाइन शिकवलं नाही, आणि ज्याला डिझाइन येतं तो लेथब्रिजच्या डीव्हीडी मोजतोय. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर इथल्या ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकू लागल्या, बांबू विकू लागल्या, मोठमोठे हिशेब अंगावर घेतले. त्या हिशेबासाठी गावच्या बारावी झालेल्या पोरीला चाळीस पानांचं एक धड मराठी पुस्तक देता आलं नाही आपल्याला. चाळीस पानं! हंगामाआधीच्या एका बैठकीत चहा-बिस्किटांवर याहून जास्त जात असेल.

पण समजा, एखादी पोरगी हट्टानं शिकलीच. कॅनडा, ऑस्ट्रेलिया पार करून एक गोष्ट तिच्या डोक्यात पक्की बसली: एक माहिती एकाच जागी लिहायची. वडसा नि देसाईगंज हे एकच गाव, स्टेशनावर एक नाव, तालुक्याच्या कागदावर दुसरं. म्हणून गावाला एक क्रमांक द्यायचा आणि पुढे सगळीकडे तोच वापरायचा. असं सगळं शिकून ती एका कार्यालयात कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून लागते. पहिल्याच दिवशी लाभार्थ्यांची यादी तिच्या पुढ्यात येते. ही एका पोर्टलवर भरायची. मग तीच दुसऱ्या पोर्टलवर, कारण पहिलं दुसऱ्याशी बोलत नाही. मग रजिस्टरमध्ये हातानं, कारण तपासणीला येणाऱ्यांना कागद लागतो. तीन ठिकाणी यादीतल्या म्हाताऱ्या मडावींच्या तीन स्पेलिंगा होतात, मडावींचं अनुदान अडकतं आणि आधार, पासबुक, जातीचा दाखला घेऊन म्हातारा पुन्हा साठ किलोमीटर येतो. संध्याकाळी सहाला ती संगणक बंद करणार, तेवढ्यात ग्रुपवर निरोप पडतो: हीच यादी एक्सेलमध्ये करून ताबडतोब व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावी. खाली अकरा अंगठे.