पाट्याला टाकी, बॉलला पॅड

"बॉल मेला," असं दुकानदाराने मला सांगितलं, तेव्हा तो विकत घेऊन जेमतेम चार महिने झाले होते.

सव्वादोनशे डॉलरचा बॉल. १५ पौंडी. जास्त तेलाच्या लेनसाठी खास, असं खोक्यावरच छापलेलं. डेट्रॉइटच्या उपनगरात आमची बुधवारची लीग चालते. तिथे लेनवर तेल सढळ हाताने घालतात, म्हणून मी तो घेतला. पहिले तीन आठवडे त्याने लेनच्या मध्यावरच पकड घेतली आणि ठरल्या जागी वळून पॉकेट, म्हणजे १ आणि ३ नंबरच्या पिनांमधली फट, गाठलं. चौथ्या महिन्यात तो नुसता सरळ घसरत जाऊ लागला. दुकानदाराने तो हातात फिरवला, मान हलवली आणि शेल्फवरच्या नव्या मॉडेलकडे बोट दाखवलं.

दुकानाचं नाव सांगत नाही. पण निदान चुकलं होतं, आणि असलं निदान या खेळात सर्रास चालतं. म्हणून हा आठवडा त्याच्यावर.

पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये ज्यांनी बोलिंग खेळलंय, त्यांना आधी एक सांगते. तिथे रॅकवर ठेवलेले बॉल पॉलिएस्टरचे असतात. त्यांची कातडी तेल पीत नाही आणि लेनला धरतही नाही. टाकाल तसे सरळ जातात. त्यामुळे लेनवर तेल असतं हे कळायच्या आतच माणूस बूट परत करून घरी जातो. तेल दिसतही नाही. फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत लेन ६० फूट लांब, रुंदीला ३९ पट्ट्या. त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर तेलाचा पातळ हात फिरवलेला, पुढची वीसेक फुटं कोरडी. एका लेनवर तेल किती? साधारण २० ते ३० मिलिलिटर. चार माणसांच्या पोह्यांना फोडणीसाठी घालतो तेवढं.

तेवढ्या तेलावर सगळा खेळ उभा आहे.

बॉल आधी घसरतो, मग वळतो, मग सरळ घरंगळत पिनांवर जातो. पॉकेटमध्ये शिरताना तो ६ अंशांच्या आसपास तिरका असेल तर स्ट्राइकची शक्यता सर्वांत चांगली. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या स्वच्छ स्ट्राइकमध्ये बॉल स्वतः फक्त चार पिनांना लागतो: १, ३, ५ आणि ९. बाकीच्या सहा पिना एकमेकींना पाडतात. म्हणजे बॉल कुठे लागला याइतकंच तो कोणत्या कोनातून आला आणि अंगात किती जोर उरवून आला, यालाही महत्त्व आहे. तेल जास्त असलं की घसरणंच लांबतं, वळायला जागा उरत नाही. बॉल ५ नंबरच्या पिनेपर्यंत पोचतच नाही.

व्यावसायिक खेळाडूंची संघटना पीबीए लेनवर तेल कुठवर आणि किती घालायचं याच्या आपल्या बऱ्याच नकाशांना प्राण्यांची नावं देते. त्यातला वुल्फ ३२ फुटांचा, बॅजर ५२ फुटांचा. बॅजरवर कोरडी जागा उरते ८ फूट. तिथे कोरड्यावर पोचून वळू म्हणणारा बॉल वळायच्या आत पिनांच्या पलीकडच्या खड्ड्यात असतो. तेलात असतानाच ज्याला पकड घेता येते तोच बॉल तिथे कामाचा. जास्त तेलाचा बॉल म्हणतात तो हाच. त्याचं काम एवढंच: तेलात पाय रोवणं.

आता नव्या बॉलच्या परीक्षणांकडे येऊ.

जवळजवळ प्रत्येक परीक्षणात बॉल टाकलेला असतो तो नेहमीच्या मनोरंजनाच्या लेनवर. तिथे तेल मधोमध जास्त आणि कडेला अगदी कमी. हे प्रमाण १० ला १ इतकंही असतं. कडेला गेलेला बॉल कोरड्या पट्ट्यांवर आपोआप वळून परत येतो. पॉलिएस्टर सोडला तर तिथे कुठलाही बॉल वळतो. स्पर्धेच्या कडक नकाशांत हे प्रमाण ३ ला १ च्या आत ठेवावं लागतं. तिथे कड कोणाला वाचवत नाही. म्हणून "काय प्रचंड हूक आहे" हे वाक्य ऐकलं की मी एकच विचारते: कुठल्या तेलावर? उत्तर नसेल तर ते परीक्षण माझ्या उपयोगाचं नाही. भिजलेल्या घाटात टायर कसा धरतो हे कोरड्या हायवेवर कळत नाही.

दुसरी गोष्ट, हूकचा आकडा. बऱ्याच कंपन्या आपल्या बॉलला वळण्याचा एक आकडा देतात. ही पट्टी प्रत्येकीची वेगळी आणि घरची. एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याशेजारी ठेवून काहीच कळत नाही. तरीही लोक त्या आकड्यावर दोनशे डॉलर काढून देतात. याचा मला राग येतो, कारण त्यातले निम्मे माझ्या लीगमधले निवृत्त कामगार आहेत आणि दोनशे डॉलर त्यांना जड जातात.

तिसरी, कोअर. बॉल मधोमध कापून आतल्या गाभ्याचं रंगीत चित्र काढतात आणि जाहिरातीचा अर्धा भाग त्याला देतात. गाभ्याला महत्त्व नाही असं नाही. बॉल स्वतःभोवती फिरताना अक्ष किती ढळतो, दर फेऱ्याला किती ताजी कातडी लेनला लागते, हे गाभा आणि भोकं पाडायची जागा यांवर ठरतं. पण अमेरिकेची नियामक संस्था यूएसबीसी हिने त्याला कुंपण घातलंय: वेगवेगळ्या अक्षांभोवती वस्तुमान किती दूर पसरलंय यातला फरक, म्हणजे डिफरन्शिअल, ०.०६० इंचाच्या वर जाता कामा नये. २०१६ मध्ये मोटिव्ह कंपनीच्या जॅकल मालिकेतल्या दोन बॉलांची मान्यता याच मर्यादेवरून काढून घेतली गेली. कुंपण सगळ्यांना सारखंच असल्याने दांडगे बॉल त्याला आतून खेटूनच उभे असतात. एकाचा गाभा दुसऱ्यापेक्षा क्रांतिकारक कसा असेल?

फरक पडतो तो कातडीत. याच यूएसबीसीने बॉलच्या हालचालीवर सविस्तर अभ्यास केला होता. बॉल कसा जातो हे ठरवणाऱ्या गोष्टींत सर्वांत वर निघाला पृष्ठभागाचा सूक्ष्म खरखरीतपणा, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खाचा. तेल शोषण्याचा वेगही महत्त्वाच्या गोष्टींत होता. हे वर्षानुवर्षं माहीत आहे. तरी जाहिरातीत गाभा मोठ्या अक्षरात आणि कातडीचा ग्रिट, म्हणजे ती किती खरखरीत घासली त्याचा आकडा, तळाला बारीक टायपात. कातडी झिजते, आणि झिजणारी गोष्ट ठळक छापली की गिऱ्हाईक विचारणार: किती दिवस टिकेल?

माझ्या आजीच्या घरी पाटा-वरवंटा होता. वर्षातून एक-दोनदा रस्त्यावरून हाक यायची, "पाट्याला टाकी लावायची का, टाकीऽऽ?" आजी लगबगीने पाटा अंगणात आणायची. ती बाई छिन्नी-हातोडीने त्यावर बारीक टोचे मारायची, आणि गुळगुळीत झालेला दगड पुन्हा चटणी वाटू लागायचा. दगड मेला असं कोणी म्हटलं नाही. नवा पाटा घ्या असं त्या टाकीवाल्या बाईनेही कधी सांगितलं नाही, आणि तिचं पोट त्याच कामावर होतं.

आजचे हे बॉल रिअॅक्टिव्ह रेझिनचे असतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आले आणि आधीचे युरेथेनचे बॉल मागे पडले. या रेझिनला सूक्ष्म छिद्रं असतात. बॉल तेल पितो, वांगी पितात तसा. पिण्यामुळेच त्याला तेलात पकड मिळते, आणि पिऊन पिऊनच ती जाते. वर लेनवर घासून घासून कातडीला चकाकी येते. टायर गोटा होतो म्हणतो ना आपण, तसा बॉल गोटा होतो. पाचशे ग्रिटच्या घासायच्या पॅडने खरखरीत केलेली कातडी पहिल्या काही गेममध्येच मऊ पडायला लागते. बोट फिरवलं तर ट्रॅकवर, म्हणजे लेनला घासणाऱ्या पट्ट्यावर, वेगळं लागतं. म्हणजे नव्या बॉलचे पहिले तीन गेम पाहून लिहिलेलं परीक्षण हे पंधरवड्याने अस्तित्वातच नसलेल्या बॉलचं परीक्षण असतं.

मग पारखायचं कसं? मी आता एकाच पद्धतीने पारखते आणि तीच इथे मांडते.

ताजं तेल घातलेली लेन, आणि नकाशाची लांबी व तेलाचं प्रमाण विचारून घेतलेलं. सोबत माझा जुना, ओळखीचा बॉल, कारण तुलनेला काहीतरी स्थिर हवं. दोन्ही एकाच पॅडने घासलेले. एका ग्रिटचा नवा बॉल आणि दुसऱ्या ग्रिटचा जुना शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष हा पॅडबद्दलचा असतो, बॉलबद्दलचा नव्हे. मग बघायचं ते हूक किती फूट पडला हे नाही. तो कितव्या फुटावर पकड घेतो ते बघायचं, आणि पिनांपाशी अंगात काही उरलंय का ते. फार लवकर पकडणारा बॉल पोचेपर्यंत थकतो. तो पॉकेटमध्येच लागतो, सगळं बरोबर दिसतं, आणि १० नंबरची पिन मख्खपणे उभी राहते. तिला पाडायला निघालेली ६ नंबरची पिन तिच्यासमोर नुसती आडवी पडते. ही नशिबाची गोष्ट नव्हे. बॉलचा जोर वाटेत जळाला.

आणि तिसरा गेम बघायचाच. इथे बहुतेकांचा संयम सुटतो. दहा माणसांचे दहा तेलपिते बॉल लेनच्या एका जोडीवर तास-दीड तास फिरले की ती फोडणीपुरती धार कुठे उरणार? पहिल्या गेमचा हिरो तिसऱ्या गेममध्ये पहिल्या पिनच्या डाव्या बाजूला जाऊन आदळतो. जास्त तेलाचा बॉल केव्हा पिशवीत परत ठेवायचा हे जे परीक्षण सांगत नाही, ते अर्धवट आहे. गेम सुरू झाल्यावर तुम्ही पॅड लावू शकत नाही. यूएसबीसीने तर २०१९ मध्ये स्पर्धांत ओलं क्लीनरसुद्धा बंद केलं, फक्त कोरडा टॉवेल ठेवला. त्यामुळे कातडीचा निर्णय घरून करून यायचा.

शेवटी हात. वॉल्टर रे विल्यम्स ज्युनियर यांनी पीबीएची ४७ विजेतेपदं मिळवली, तीही बॉल फारसा न फिरवता, जवळजवळ सरळ रेषेतून, अचूकतेच्या जोरावर. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेल्मोंटे दोन हातांनी टाकतो आणि बॉलला भोवऱ्यासारखा फिरवतो. एकच बॉल या दोघांच्या हातांत दोन वेगळे बॉल होईल. जो जोरात टाकतो आणि कमी फिरवतो, त्याला जास्त तेलावर खरखरीत, भरीव कातडीचा बॉल हवाच. जो भरपूर फिरवतो, त्याला त्याच लेनवर एक पायरी सौम्य बॉल पुरतो. परीक्षकाने स्वतःचा वेग आणि फिरकी सांगितली नाही, तर मी त्याच्या मताचं करू काय? माझा वेग ताशी १५ मैलांच्या आसपास, फिरकी बेताची. हे मी आता दुकानात शिरताच सांगते. नव्या मॉडेलचं नाव त्यानंतर ऐकते.

आता मेलेल्या बॉलचं. घरी आणला. भोकांवर पाणी न शिरणारी टेप लावली. बादलीत हाताला सोसेल इतकंच गरम पाणी, त्यात भांड्यांचा साबण, आणि वीस मिनिटं बॉल बुडवून ठेवला. पाणी उकळतं नको, कातडी तडकते. पाण्यावर पिवळसर तवंग आला. पाणी बदललं, पुन्हा तवंग. तिसऱ्या बादलीत पाणी स्वच्छ राहिलं. एक दिवस सुकू दिला. मग आधी ५०० चा पॅड, नंतर १००० चा. सगळीकडून सारखा, ट्रॅकवर जास्त आणि इतरत्र कमी असं न करता. चकाकी गेली. बॉल राखाडी, मंद दिसायला लागला, खोक्यातून काढला त्या दिवशी होता तसा. खर्च दोन पॅड आणि थोडा साबण.

त्या बुधवारी १७८, २०३, १६६. पहिल्या दोन गेममध्ये तो मध्यावरच तेलात रुतला आणि वळला. तिसऱ्यात लेन सुकत आली होती, बॉल चौथ्या फ्रेमलाच बदलायला हवा होता, मी सातव्याला बदलला. वहीत तसं लिहून ठेवलंय. त्याच्याखाली आज आणखी एक ओळ लिहिली: या बॉलचे आतापर्यंत ५४ गेम, पॅडनंतरचे ३. पुढच्या आठवड्यात लीगचा नकाशा ४७ फुटांवर जाणार आहे. बॉल टेबलावर आहे, आणि यावेळी १००० ऐवजी ५०० वरच थांबायचं की नाही, ते मी ट्रॅकवर बोट फिरवून बघतेय.