यवतमाळला परतणाऱ्या नवशिक्यांसाठी सूचना

प्रागला पुन्हा जाणाऱ्याचं सोपं असतं. १३५७ साली पाया घातलेला चार्ल्स पूल जागेवर, १४१० चं घड्याळ जागेवर; पुलावर उभं राहून एक उसासा टाकला की काम झालं. वीस-पंचवीस वर्षांनी यवतमाळला येणाऱ्याला मात्र थोडी तालीम लागते.

आधी शकुंतला डोक्यातून काढा. अडीच फुटी रुळांवरची ही गाडी मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंतचे ११३ किलोमीटर रमतगमत यायची. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जावा म्हणून हे रूळ पडले. पुढे १९२१ चं वाफेचं इंजिन आलं तेही मँचेस्टरचंच, आणि १९९४ पर्यंत त्यानेच गाडी ओढली. गार्डच तिकिटं फाडायचा. आता ती बंद आहे. स्टेशनावर फोटो खुशाल काढा, पण ‘आमच्या वेळी’ म्हणून सुरू होऊ नका. तुमच्या वेळीही तुम्ही एसटीनेच जात होता. शकुंतलेवर सगळ्यांचा जीव जडला तो ती थांबल्यावर.

मग दत्त चौक. जुनं दुकान शोधत फिरू नका. चहाच्या टपरीवर उभे राहा. कोणीतरी विचारेलच, “कोनाचे बाप्पा तुमी?” इथे ‘बाणेर, आयटी’ हे उत्तर साफ चूक. वडिलांचं नाव सांगा, नाही पटलं तर आजोबांचं, तरीही नाही तर शेत कोणत्या रस्त्याला होतं ते. “हाव, मंग असं सांग ना बे!” हे ऐकू आलं की तुम्ही शहरात पोचलात. ‘तुमी’वरून ‘बे’वर येणं ही बढती आहे. ‘बे’ ऐकून चेहरा पाडणाऱ्यांनी नागपूरहूनच विमान धरावं.

१९७३ च्या इथल्या साहित्य संमेलनात अध्यक्ष गदिमांना जवळून पाहिलं, असं ठोकून देऊ नका. लोक वयाचा हिशेब करतात. २०१९ च्या इथल्या वादग्रस्त संमेलनाचा विषय तर काढूच नका, चहा गार होईल. मुरलेल्यांनी नवरात्रात यावं. दुर्गोत्सवाच्या गर्दीत जुने वर्गमित्र भेटतात आणि टक्कल ओळखण्याचा सराव होतो.

उसाशाची हौस उरलीच तर कळंबला जा. चिंतामणीचं दर्शन पायऱ्या उतरून घ्यायचं असतं. मूर्ती दक्षिणाभिमुख आहे. वर्ध्याहून कळंबपर्यंत फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रॉडगेज गाडी सुरू झाली, तेव्हा ‘इकडे काहीच बदललं नाही’ हे वाक्यही गेलं.

निघताना आलूबोंडा खा, तर्री घालून. डोळ्यांत पाणी आलं तर आठवणींवर ढकला. ‘फार तिखट आहे’ म्हणालात, तर मिळालेलं ‘बे’ जागच्या जागी काढून घेतलं जातं.