पुसट डागांचा धनी

आकाशदर्शनानं माणूस नम्र होतो, असं खगोलशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांच्या प्रस्तावनेत लिहिलेलं असतं. माझ्या बाबतीत हा परिणाम अजून दिसायचा आहे. उलट आठ इंची दुर्बीण घरात आल्यापासून माझी चालच बदलली, असं हिचं निरीक्षण आहे. लिफ्टमध्ये कुणी नुसतं "काय, गच्चीवर का?" म्हटलं, तरी मी घड्याळाकडे बघतो, जरा थांबतो आणि म्हणतो, "बघू, आज सीइंग कसं मिळतंय." सीइंग म्हणजे काय, हे कुणी तरी विचारावं अशी माझी फार इच्छा आहे. पण लोकांना तिसऱ्या मजल्यावर उतरायचं असतं.

शनी मी शक्यतो दाखवत नाही. शनी कुणीही दाखवतं. कड्यांसकट तयार माल, बघणारा लगेच "वा!" म्हणतो, आणि मग हळूच विचारतो, "साडेसातीत बघितलेला चालतो ना?" मी खोल आकाशाचा माणूस. दीर्घिका, तारकागुच्छ, तेजोमेघ. ज्याला जे सहज दिसत नाही ते आपल्याला दिसतं, यात जी गोडी आहे ती शनीच्या कड्यांत नाही.

माझ्या दुर्बिणीची परंपरा थेट वेदांताला जाऊन भिडते, हेही मी पाहुण्यांना सांगतो. ही डॉब्सोनियन. जॉन डॉब्सन हे गृहस्थ 1944 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदांत सोसायटीत साधू म्हणून दाखल झाले. पुढे मठात राहून टाकाऊ काचा घासून त्यांचे आरसे करायचे, दुर्बिणी बांधायच्या आणि त्या गल्लीत नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला आकाश दाखवायचं, असा नाद त्यांना लागला. दुर्बिणींपायी ते मठाबाहेर फार वेळ राहू लागले, तेव्हा 1967 मध्ये मठानं त्यांना निरोप दिला. ही गोष्ट ऐकून ही दर वेळी एकच वाक्य म्हणते, "मठवाले सुज्ञ होते."

पाहुण्यांचं म्हणाल, तर ते व्हॉट्सअ‍ॅपवर जेम्स वेबचे फोटो बघून गच्चीवर येतात. गुलाबी ढग, निळ्या कडा, सोनेरी खांब. मी त्यांना देवयानीतली दीर्घिका दाखवतो.

"कुठंय?"

"मधोमध."

"मधोमध काही तरी पुसट आहे."

"तेच! पंचवीस लाख प्रकाशवर्षं!"

शांतता. मग अत्यंत हळुवारपणे, "एकदा काच पुसून बघता का?"

मी समजावतो. आपली बाहुली अंधारात फार तर सात मिलिमीटर उघडते. माझा आरसा दोनशेचा, म्हणजे डोळ्याच्या आठशेपट प्रकाश गोळा करणारा. पण कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवत बसतो, डोळा तसा साठवत नाही. शिवाय अंधुक उजेडात डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, म्हणून मृगातला तेजोमेघ फोटोत गुलाबी आणि आमच्या गच्चीवर करडा. अंधाराला डोळे सरावायलाच वीस-तीस मिनिटं लागतात. हे सांगून होईपर्यंत ती वीस मिनिटं होत आलेली असतात, आणि नेमका तेव्हाच कुणी तरी चप्पल शोधायला मोबाइलचा टॉर्च लावतो.

अशा वेळी मला शार्ल मेसिएची आठवण येते. खरं तर मला कुठल्याही वेळी मेसिएची आठवण येते, आणि ही लगेच "पोळ्या टाकायच्यात" म्हणून उठते.

हा अठराव्या शतकातला पॅरिसचा गडी. त्याला एकच वेड होतं, धूमकेतू. नवा धूमकेतू सापडला की युरोपभर नाव होई. 1758 साली एका धूमकेतूचा माग काढताना वृषभ राशीत त्याला एक पुसट डाग दिसला. धूमकेतू सरकतो, हा हलेना. अशा ठगांनी आपला वेळ खाऊ नये म्हणून त्यानं त्यांची यादीच करायला घेतली. 1781 पर्यंत त्या यादीत 103 नोंदी झाल्या. आज आम्ही हौशी मंडळी ज्या एम-1, एम-13, एम-31, एम-42 च्या नावानं रात्री जागवतो, ते एम म्हणजे मेसिए. आणि ही सगळी यादी म्हणजे मूळची "इथं वेळ घालवू नये" अशी पाटी. आम्ही नेमका तिथंच वेळ घालवतो. फाल्गुनी अमावास्येच्या आसपास, पाडव्याच्या तोंडावर, काही वीर तर एका रात्रीत ती अख्खी यादी बघून काढायची शर्यत लावतात.

पण मेसिएची खरी गोष्ट 1772 ची. त्या मार्चमध्ये त्याची बायको बाळंत झाली, आणि थोड्याच दिवसांत ती आणि बाळ दोघंही गेले. त्याच महिन्यात लिमोजच्या मोंतेन्य नावाच्या माणसानं एक नवा धूमकेतू शोधला. पॅरिसात असा किस्सा सांगत की समाचाराला आलेल्यानं दुःख व्यक्त केलं, तेव्हा मेसिए रडवेला होऊन म्हणाला, बारा मी शोधले होते, तेराव्यानं दगा दिला! आणि मग समोरच्याचा चेहरा बघून त्याला उमगलं की हा बायकोबद्दल बोलतोय. तेव्हा घाईघाईनं, हो हो, बिचारी.

किस्सा तिखटमीठ लावलेला असेल. धूमकेतूचं पुढं काय झालं ते मात्र नोंदलेलं आहे. तो दर साडेसहा-सात वर्षांनी परतणारा निघाला, त्याला पुढं बिएला हे नाव मिळालं. 1846 मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत त्याचे दोन तुकडे झाले. 1852 मध्ये ते तुकडे शेवटचे दिसले, त्यानंतर कधीच नाही. आणि 27 नोव्हेंबर 1872 ला, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, त्याच्या भुग्यातून पृथ्वी गेली तेव्हा उल्कांचा पाऊस पडला; आकाशातल्या ज्या भागातून तो येताना दिसला तो भाग देवयानीचा.

ज्याच्यापायी माणूस बायकोचं सुतक विसरला, त्या धूमकेतूचा असा चुरा झाला. मेसिए आज कुणाला आठवतो तो धूमकेतूंमुळे नव्हे, त्यानं बाजूला सारलेल्या डागांमुळे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ गप्प बसलो होतो. मग हिला हाक मारून सगळं वाचून दाखवलं. ही म्हणाली, "त्या बाईचं नाव काय होतं?" मला पुन्हा पुस्तक उघडावं लागलं. मारी-फ्रांस्वाज.

असो. देवयानीचा विषय निघाला म्हणून एक मनातली जळजळ सांगतो. देवयानीची दीर्घिका बघायची सगळ्यात नामी रात्र कुठली? पाऊस गेलेला, चंद्र अजिबात नाही, रात्री दहाच्या सुमाराला ती डोक्यावरून जराशी उत्तरेला. पंचांग काढून बघा, ही रात्र म्हणजे लक्ष्मीपूजन. वर्षातला सर्वोत्तम अंधार आपण फटाक्यांच्या धुरात घालवतो. एरवीच्या रात्री आहेतच. तेव्हा चौकात कुणा दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स असतो आणि त्यावर रात्रभर दोन फोकस. दादा झोपलेले, कार्यकर्ते झोपलेले, फ्लेक्स जागा. आजचा माणूस जन्मालाही आला नव्हता तेव्हा निघालेला उजेड पंचवीस लाख वर्षं वाटेत कुठं न अडता पुण्यापर्यंत येतो आणि दादांच्या गॉगलपुढे हरतो. याचा मला खराखुरा राग येतो. आमच्या इमारतीतली मुलं आकाशात सात-आठ ठिपके असतात असं समजून मोठी होताहेत, आणि त्यांना काही हरवलंय हेसुद्धा कळायला मार्ग नाही.

तर दिवाळीनंतरची अमावास्या आम्ही हिच्या माहेरी, माणदेशात केली. नळी मागच्या सीटवर आडवी, ही पुढं मांडीवर आयपीसचा डबा घेऊन. रात्री खळ्यात दुर्बीण लावली. ही नेहमीप्रमाणे लाल कागद गुंडाळलेली बॅटरी धरून उभी, मी नेहमीप्रमाणे व्याख्यान देतोय: पुसट गोष्ट थेट बघायची नाही, नजर जरा बाजूला ठेवायची, म्हणजे डोळ्याच्या कडेच्या पेशी तिला पकडतात.

"म्हणजे लग्नात समोरचीची साडी बघतो तसं," ही म्हणाली.

तिनं डोळा लावला. दीर्घिकेचा मधला उजळ गाभा, त्याचा दोन्हीकडे पसरत गेलेला धूर, खालच्या बाजूला एक छोटा गोल ठिपका. एवढं मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती बराच वेळ हललीच नाही. मग म्हणाली, "दुसऱ्या बाजूला अजून एक आहे. लांबट. अगदीच फिकट."

"भास असेल," मी तत्परतेनं म्हणालो.

"भास तुम्हाला होतात."

मी बघितलं. काही नव्हतं. नजर बाजूला नेली, श्वास धरला, आणि आला. एम-110. मेसिएनं हा डाग 1773 मध्ये पाहिला, त्याचं चित्रही काढलं, पण यादीत घालायचा राहिला तो राहिलाच. 110 हा आकडा त्याला मिळाला 1960 च्या दशकात. मधल्या काळात, 1783 मध्ये, तो ज्यांना स्वतःच्या नजरेनं सापडला त्या कॅरोलिन हर्शेल, एक बाईच. हे सगळं मला तेव्हा आठवलं आणि मी ते न सांगण्याचा निर्णय घेतला.

वहीत मी लिहिलं, "एम-110 पाहिली. निरीक्षक: आम्ही." वही मी टेबलावर ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर "आम्ही" नीट पट्टी लावून खोडलेलं. त्याजागी हिचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. आणि खाली, शेऱ्याच्या रकान्यात, "यजमान सोबत होते. सीइंग उत्तम."