मामाची गाडी आणि लाल तेल

चंद्रपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच शहाण्या माणसाने काही करू नये, असा अलिखित कायदा आहे. पारा ४७च्या आसपास गेला की एरवी वाहनांनी तुंबलेलं जटपुरा गेट एखाद्या जुन्या चित्रातल्यासारखं रिकामं दिसतं. तेव्हा रस्त्यावर दोनच प्रकारचे लोक असतात. तोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळून पोटासाठी निघालेले, आणि हौशी. मी हौशी.

माझी हौस म्हणजे प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट अकराशेचं जे देशी रूप तयार होत होतं, त्याला १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव मिळालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि सोफ्यासारखी पुढची सीट. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, तेव्हा पेपरांमधून बरीच आसवं गळली. त्या भरात मीही एक पद्मिनी घेतली. आधीच्या मालकाने ती जीव लावून सांभाळली होती. फक्त सौंदर्यदृष्टीच्या बाबतीत तो कच्चा होता, असं माझं मत. बॉनेटखाली पेट्रोलच्या पाइपाला त्याने सुतळी आणि गोणपाट गुंडाळून ठेवलं होतं. ते गबाळं मी सगळं काढून टाकलं आणि पाइप ब्रासोने चकाकवला.

अशात बहिणीच्या मुलाचं लग्न गडचिरोलीला ठरलं. मुहूर्त गोरज. “मामा, नवरदेवाची गाडी तुमचीच,” भाचा म्हणाला. मी तत्काळ अभ्यासाला बसलो. नागपूरच्या रद्दीत मिळालेलं अमेरिकन मोटारींवरचं एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे आहे. त्यात एक अख्खं प्रकरण ट्रान्समिशनचं तेल तापण्यावर होतं. हे तेल लाल असतं. ८० अंशांच्या वर गेलं की दर अकरा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं. काळं पडलं आणि करपल्याचा वास आला की समजावं, संपलं. मी घाबरून त्या लाल तेलाचा डबा मागवला आणि डिकीत ठेवला. त्याच प्रकरणात एक तातडीचा उपायही होता: गाडी तापली तर हीटर पूर्ण सुरू करा, इंजिनची उष्णता बाहेर निघेल. माझ्या गाडीत हीटर नाही. म्हणजे वेगळा नाही. मे महिन्यात काच खाली केली की सुरू होतो.

सकाळी सातला निघायचं ठरलं होतं. पण चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची राख आणि कोळशाची धूळ काळ्या बॉनेटवर किती वेगाने बसते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मी पुसत गेलो, ती बसत गेली, आणि निघायला साडेबारा झाले. मागे नवरदेव आणि माझी बायको, पुढे आत्या. आत्याच्या कनवटीला उन्हावरचा उतारा म्हणून कांदा. अंतर जेमतेम ८० किलोमीटर.

चिचपल्ली मागे पडलं, जंगल दाट झालं, आणि केसलाघाटात पद्मिनीने दोन आचके दिले. मग ती थांबली. इतक्या शांतपणे, की आत्याला वाटलं पोहोचलो.

“काय झालं हो?” बायको म्हणाली.

“ट्रान्समिशन तापलं,” मी म्हणालो. हे वाक्य आयुष्यात एकदा तरी म्हणायला मिळावं, असं वाटण्याइतकं भारदस्त आहे.

बॉनेट उघडलं. पुस्तकात लिहिलं होतं की या तेलाला थंड करणाऱ्या दोन नळ्या रेडिएटरच्या तळाशी जातात. त्या सापडेनात. मग तेल मोजायची काडी ओढली. तेल काळंकुट्ट. वास घेतला, आत्यालाही दिला. “जळलं बाबू,” आत्या म्हणाली. निदान पक्कं झालं. घरातल्या ज्येष्ठ व्यक्तीने दुजोरा दिल्यावर तपासायचं काय उरलं?

डबा काढायला मी डिकीकडे वळलो, तेवढ्यात चंद्रपूर–गडचिरोली एसटी आली आणि नवरदेवाचा शेला बघून थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. “खाली नका उतरू जी, इथं वाघ फिरते!” मी बाहेर होतो, बाकीचे आत होते आणि सगळ्यांना बसमध्ये जायचं होतं. मामाने मांडवात नवरदेवामागे उभं राहायचं असतं, हे मला माहीत होतं. पण पद्मिनीला जंगलात टाकून जायचं कसं? कंडक्टरने तिकिटं फाडली. आत्या पंच्याहत्तरीच्या पुढची, ती फुकट. बायको महिला म्हणून अर्ध्यात. नवरदेव पूर्ण. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की ही सवलत आपल्याला कोणत्या योजनेत मिळाली असती याचा तो विचार करत असावा.

बस गेल्यावर प्रश्न उरला तो काचांचा. वर केल्या तर मी भाजणार, खाली ठेवल्या तर वाघाची सोय होणार. मी काच अर्धी ठेवली. म्हणजे भाजलोही आणि वाघाच्या भीतीने घामही फुटला. मधे एक वानर येऊन बॉनेटवर बसलं आणि लगेच उठलं. ते माझ्यापेक्षा लवकर शिकलं.

शेवटी तेंदूपानांची पोती टाकून रिकामा परतणारा ट्रॅक्टर आला. त्याने दोराने ओढत मला मूलपर्यंत नेलं. पद्मिनीत बसून ट्रॅक्टरमागे जाताना लोक वळून बघत होते. माझी इच्छा त्यांनी वळून बघावं अशीच होती, फक्त तपशिलात फरक पडला.

मूलच्या मिस्त्रीला मी बॉनेट उघडायच्या आधीच सगळं समजावलं. ऐंशी अंश, निम्मं आयुष्य, लाल रंग. काळ्या काडीचा पुरावाही दाखवला. त्याने ती फडक्याने पुसली आणि परत घातली.

“हे इंजिन ऑइलची काडी होय जी. काळंच राह्यते ते.”

“आणि ट्रान्समिशन?”

“हिच्यात ते ऑटोमॅटिक नसतेच ना. गिअरबॉक्स हाय, नव्वद नंबरचं ऑइल हाय, ते थंड हाय. तुमचं पेट्रोल उकडून राह्यलं.” मग त्याने चकचकीत पाइपाकडे बघितलं. “याले काही गुंडाळलं होतं का कोनी?”

मी गप्प राहिलो.

मग त्याने जे सांगितलं ते पुस्तकापेक्षा सोपं होतं. नव्या गाड्यांचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. जुन्या गाडीचा पंप इंजिनला चिकटलेला. तो लांबून पेट्रोल ओढतो. पेट्रोलमधले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. तापलेल्या पाइपात त्यांची वाफ झाली की पंप वाफच चघळत बसतो, कार्बोरेटर उपाशी राहतो. गाडी कुठल्याही कंपनीची असो, ऊन हे आणि पाइप उघडा असला की तेच होणार. त्याने ओलं फडकं मागितलं. ओलं करण्याजोगं माझ्याजवळ एकच कापड होतं: मामा म्हणून बांधायचा गुलाबी फेटा. तो भिजवून पंपावर ठेवल्यावर फस्स आवाज आला. मग त्याने बांबूच्या चिपा काढून पाइपाला दोन्ही बाजूंनी बांधल्या आणि वरून गोणपाट गुंडाळलं, अगदी आधीच्या मालकासारखं. “आता पाच वाजल्यावर निंगा,” तो म्हणाला.

वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा मंगलाष्टकं उरकली होती. नवरदेवामागे माझ्या जागी एक चुलत मामा उभा राहिला, आणि लग्नाच्या व्हिडिओत तो माझ्यापेक्षा देखणा दिसतो. मांडवात मठ्ठा संपलेला होता. आत्या मात्र प्रत्येक पाहुण्याला ट्रान्समिशन जळल्याचं सांगत होती आणि वास कसा होता तेही.

मिस्त्रीने मजुरी घेतली नव्हती. पैशांऐवजी त्याने डिकीतला तो लाल तेलाचा डबा मागितला. मला ओढून आणलेल्या ट्रॅक्टरच्या पॉवर स्टिअरिंगचं तेल कमी झालं होतं.