आधी पायावर पाणी

कोकणातल्या आमच्या आचऱ्यात कुणी ध्यानाला बसत नाही. म्हणजे बसत असतीलही, पण सांगत नाहीत. डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसला की शेजारी हमखास विचारणार, ''बरां वाटणा नाय काय?'' आणि ध्यान तिथेच संपणार.

नोकरी संपल्यावर मी मुंबई सोडून इथे कायमचा राहायला आलो, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याने एक चटई पाठवली होती. तिला एक वायर, आणि वायरचं टोक सॉकेटच्या तिसऱ्या, मोठ्या भोकात खुपसायचं. मग चटईवर अनवाणी पाय ठेवून बसलं की पृथ्वीशी आपलं नातं जुळतं, झोप लागते, अंग ठणकायचं थांबतं, असं सोबतच्या पुस्तिकेत होतं. या कल्पनेचे मोठे प्रचारक क्लिंटन ओबर. ते मूळचे केबल टीव्हीच्या धंद्यातले. केबलला जमिनीशी जोडलं की चित्र स्वच्छ येतं, मग माणसाला जोडलं तर, असा त्यांचा विचार. त्यावरचं पुस्तक २०१० साली आलं. अभ्यासही झाले आहेत, पण बहुतेक मूठभर माणसांवरचे. तेवढ्या आधारावर मी कुणाला शपथेवर काही सांगणार नाही.

चटई लावून द्यायला वायरमन आला. तो आधी परसात गेला आणि घराचं अर्थिंग कुठे पुरलंय ते शोधू लागला. कोळसा-मीठ घालून तांब्याची पट्टी पुरलेला तो खड्डा सापडला. ''जांभा सुकलोहा,'' तो म्हणाला, ''रोज बालदीभर पाणी ओता, नायतर तुमची चटई नुसती चटईच.'' तेव्हापासून मी रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदून परसात ओतू लागलो. आठवडाभराने तो बिलाचे पैसे न्यायला आला, माझ्या पायांकडे बघत उभा राहिला आणि हसला. मातीत घोट्यापर्यंत भिजलेले माझे पाय अनवाणी होते. चटई आता मांजर वापरतं.

शेजारच्या काकीला हा प्रकार सांगितला तर तिला त्यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही. तिच्या घरात शिरायचं तर पायरीजवळच्या दगडी डोणीतून तांब्या भरून घ्यावाच लागतो. ''आदी पायार पाणी घे, मगे भितुर ये.'' हा नियम पाहुण्याला, पोस्टमनला आणि तिच्या मुंबईच्या व्याह्यांनाही. कारण विचाराल तर अध्यात्म वगैरे काही नाही, वाळू. आचऱ्याच्या किनाऱ्यावरून किंवा खाडीकडून आलेला माणूस अर्धा किनारा पायाला चिकटवून आणतो आणि केर तिला काढावा लागतो. पण मी पाहिलंय, बाजारात कुणाशी तरी भांडून तणतणत आलेला तिचा मुलगा त्या डोणीपाशी थांबतो, वाकतो, एका पायाने दुसरा पाय चोळतो. गार पाणी टाचेवरून उतरतं. या सगळ्यात पाऊण मिनिट जातं, आणि तेवढ्यात भांडणातलं अर्धं तरी पाण्याबरोबर कर्दळीच्या मुळाशी गेलेलं असतं. उरलेलं तो जेवताना सांगतो.

इथल्या सगळ्याच गोष्टींचं असं आहे. पाऊस सरला की अंगणात खळं करायचं. माती उकरून, पाणी मारून, लाकडी चोपण्याने बडवून सपाट करायची, मग शेणाने सारवायचं. हे काम नुसतं बघायला सोपं. हाताने सारवताना बोटांची अर्धवर्तुळं एकात एक उमटत जावी लागतात. लक्ष जरा हललं की तिथे फुगवटा राहतो आणि तो पुढचे सहा महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. मनाच्या एकाग्रतेचा याहून जाहीर निकाल दुसरीकडे लागत नसेल. अनेकांनी आता फरश्या घातल्या. त्यांना नावं ठेवणार नाही, कारण दर वर्षी कंबर मोडायची ती माझी नव्हे.

काकी आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून बांगडे कापते. एक पाय दुमडलेला, दुसरा आडाळ्याच्या पाटावर, मांजर ठरलेल्या अंतरावर. काम झालं की ती उठते. कशालाही हात न टेकता, दोन्ही हात माशाचे असल्यामुळे टेकणं शक्यच नसतं. ऐंशीच्या घरातली बाई! ब्राझीलमधल्या क्लाउडिओ आराउजो या डॉक्टरांनी नेमकी हीच गोष्ट मोजली होती. ५१ ते ८० वयाच्या २००२ माणसांना त्यांनी जमिनीवर बसून उठायला लावलं. बसण्याचे पाच गुण, उठण्याचे पाच; हात, गुडघा, काहीही टेकलं की एक वजा, तोल गेला की अर्धा. मग सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ त्या माणसांकडे लक्ष ठेवलं. २०१२ मध्ये निकाल छापून आला : ज्यांना शून्य ते तीन गुण होते, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आठ ते दहावाल्यांच्या पाच-सहा पट. जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही. पायातलं बळ, सांध्यांची लवचीकता आणि अंगाचा तोल यांची ती झटपट मोजणी आहे. पण बळ, लवचीकता आणि तोल रोज वापरला तरच राहतो, हे सांगायला ब्राझीलला जावं लागत नाही.

मी काकीच्या ओटीवर ही परीक्षा दिली. बसताना एक हात, उठताना एक हात, एक गुडघा आणि शेवटी खांब. खांबाचे किती गुण कापायचे हे त्या डॉक्टरांनी लिहिलेलं नाही. काकी म्हणाली, ''उठाक जमाचा नाय, तर बसलंस कित्याक रे झिला?'' साठी उलटल्यावरही कुणी झिला म्हणणारं असावं, हेही आरोग्याला चांगलं.

आता देवाचं. श्री देव रामेश्वर हे आमचं ग्रामदैवत. शंकराचं देऊळ, आणि रामनवमीचा उत्सव असा थाटाचा की रामानेही यावं आणि अवघडून बसावं. पण मला त्याहून गाऱ्हाणं आवडतं. देवापुढे उभं राहून एक जण बोलतो, कुणाचं दुखणं, कुणाची आंब्याची बाग, कुणाचा मुंबईत अडकलेला जागेचा दावा, सगळं नावनिशीवार, एका दमात. प्रत्येक ओळीवर बाकीचे म्हणतात, ''व्हय म्हाराजा!'' आपली काळजी आपल्या तोंडाने चारचौघांत मोठ्याने मांडायची आणि तिच्यावर इतरांनी होकार भरायचा. याला शहरात तासाप्रमाणे फी पडते. इथे नारळ पुरतो.

आणि दर तीन-चार वर्षांनी येते ती गावपळण. रामेश्वराचा कौल घेतात आणि कौल झाला की सगळा गाव घराला कुलूप लावून गुरं-कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर निघतो. हिंदू निघतात, मुसलमान निघतात. शाळा बंद, दुकानं बंद. तीन दिवस, तीन रात्री माळावर किंवा नदीकाठी झावळ्यांच्या राहुट्यांत मुक्काम. शेजारची चिंदर आणि वायंगणी ही गावंही आपापल्या वेळी अशीच पळतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल; देवाने हो म्हटलं तर परत, नाहीतर मुक्काम वाढला.

बाहेरची माणसं विचारतात, यामागचं शास्त्रीय कारण काय? हवा शुद्ध होते, रोगराई थांबते, पाण्याला उसंत मिळते, अशी उत्तरं हौशीने दिली जातात. खरी असतील. गावातल्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, देवाचा हुकूम, आणि पुढच्या वाक्यात विचारेल की कुर्ल्या पकडायला येताय का. तीन दगडांची चूल, पेंढ्यावर अंथरूण, रात्री भजन, बायकांच्या फुगड्या. माझ्या बाजूच्या राहुटीत निवृत्त मामलेदार होते. पहिल्या रात्री त्यांनी पेंढा टोचतो म्हणून तक्रार केली, पण तक्रार कुणाकडे करायची तेच कळेना, कारण तक्रार ऐकायची सवय असलेले एकटे तेच होते. तिसऱ्या दिवशी ते चुलीसाठी काटक्या मोडत बसले होते आणि आपल्याला ब्लडप्रेशर आहे हे सांगायचं विसरले होते. गोळी मात्र त्यांच्या बायकोने न विसरता दिली, आणि ते बरंच झालं.

कारण मातीच्या नावाने वाटेल ते करण्यातही अर्थ नाही. पहाटे दवात अनवाणी चाला, असं सांगणाऱ्या गुरूंनी आमचा सडा, म्हणजे जांभ्याचा माळ, पाहिलेला नसतो. जांभ्याच्या कपारीत फुरसं असतं, आणि त्याला आपल्या अध्यात्माशी काही देणं-घेणं नसतं. पावसाळ्यात शेताच्या पाण्यात लेप्टोचं भय असतं. पायाला जखम असताना त्यात उतरू नये आणि ताप आला तर काढा पीत घरी न थांबता सरकारी दवाखाना गाठावा. मी पहाटे फिरायला निघालो की काकी आतून ओरडते, ''बॅटरी घे हातात, जनावरां असतत!'' तिच्या सगळ्या उपदेशात याला मी पहिला नंबर देतो.

तेव्हा ज्यांना काही सुरू करायचं आहे त्यांनी चटई मागवू नये. एक वेळचं जेवण जमिनीवर बसून जेवा, बाहेरून आल्यावर वाकून स्वतःचे पाय स्वतः धुवा. गुडघे कुरकुरत असतील तर भिंत धरा, साखरेचा त्रास असेल तर अनवाणी हिंडू नका, आणि कोकणात याल तर बॅटरीचे सेल नवे घाला.