टाटातले दाजी

परळच्या टाटा हॉस्पिटलात पेशंटबरोबर बायको असते, मुलगा असतो, कधी म्हातारी आईही असते. पण फाइल ज्याच्या काखेत असते, तो माणूस बहुधा दाजी असतो. म्हणजे बहिणीचा नवरा. घरात कॅन्सरचं नाव निघालं की सगळे रडायला बसतात. रडणं थोडं ओसरलं की मुंबईला कोण जाणार, हा प्रश्न निघतो, आणि सगळ्यांच्या माना दाजींकडं वळतात. कारण दाजींनी मुंबई पाहिलेली असते. कधी काळी मोर्चाला आले होते, आझाद मैदानात बसून परत गेले होते, एवढीच ती पाहिलेली असते. पण ज्या घरात बाकी कोणी कल्याणच्या पुढं गेलेलं नाही, तिथं तेवढी पुरते.

माढा तालुक्यातल्या एका गावच्या दाजींचं उदाहरण घ्या. मेव्हण्याच्या जिभेच्या कडेला जखम झाली, ती चार महिने तिखट लागलं म्हणून सोसली, मग सोलापुरात तुकडा काढला आणि रिपोर्ट आला. शेजारी बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथं जाऊ, असं कोणी तरी म्हणालंही. दाजींनी हातानंच उडवून लावलं. ‘‘बार्शीला आपण बैल बघायला जातो,’’ म्हणाले. विषय संपला. कुर्डुवाडीला सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडली आणि दिवस उजाडायच्या सुमाराला तिघं जण दादरला उतरले: मेव्हणा, त्याची बायको आणि फाइल घेतलेले दाजी.

फाइलहून मोठी जबाबदारी ब्लॉकची होती. तपासणीला काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या वडीत बसवून ठेवतात, त्याच्या पातळ चकत्या काचेवर चढवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टाटातले डॉक्टर बाहेरच्या रिपोर्टवर उपचार ठरवत नाहीत. स्लाइड आणि ब्लॉक स्वतः बघून खात्री करतात. हे दाजींना सोलापुरातच कळलं होतं. मेण म्हटल्यावर ते वितळणार, हे त्यांनी स्वतःच ठरवलं. त्यांनी ब्लॉक ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवला आणि डबा रात्रभर खिडकीच्या वाऱ्याला धरला. हे मेण वितळायला पंचावन्न-साठ अंशांची उष्णता लागते. माढ्याचा मे महिनासुद्धा तिथवर पोचत नाही. टाटात ब्लॉक घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंनी ओलं फडकं बघून नुसतं दाजींकडं पाहिलं. दाजींनी ती शाबासकी समजली.

पहिल्या दिवशी दाजी हरवतात. जुनी इमारत कुठली, होमी भाभा ब्लॉक कुठला, गोल्डन ज्युबिली कुठला, रक्त कुठं, पैसे भरायचे कार्ड कुठं. दुसऱ्या दिवशी विचारत विचारत पोचतात. तिसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्यांना रस्ता सांगायला लागतात, आणि इथून पुढं त्यांना आवरणं कठीण.

कारण आता वाट बघण्याचे दिवस सुरू झालेले असतात. गावी वाटतं की टाटाला नेलं की लगेच टेबलावर घेतील. प्रत्यक्षात आधी स्लाइड पुन्हा तपासायची. जिभेचा एमआरआय. छातीचा स्कॅन. स्कॅनला कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं तर मूत्रपिंड ठीक आहे ना, म्हणून क्रिएटिनिन. पुढं शेक, म्हणजे रेडिएशन, द्यावा लागला तर किडके दात आधीच काढावे लागतात, म्हणून दातांचे डॉक्टर. भूल झेपेल का, म्हणून आणखी एक रांग. हे सगळे कागद एका फाइलीत आले की जॉइंट क्लिनिक: सर्जन, शेकवाले आणि केमोवाले डॉक्टर एकत्र बसून ठरवतात की आधी काय आणि नंतर काय. तोवर पेशंटला औषध म्हणून जवळपास काहीच नसतं. दुखलं तर गोळी. बाकी नुसतं बाकड्यावर बसणं, टोकनचा आकडा बघणं, रात्री धर्मशाळेत पाठ टेकणं.

ही रिकामी जागा दाजी भरून काढतात. सकाळी सहाला मेव्हण्याला उठवतात, ‘‘चल, नंबर लागंल,’’ म्हणून. नंबर अकराचा असतो. फाइलीतले कागद तारखेनं लावतात, मग रंगानं लावतात, मग पुन्हा तारखेनं. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स काढतात. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म त्यांच्या तोंडी पाठ असतो: स्लीपरला पेशंटचं तिकीट पूर्ण माफ, सोबत्याला पाऊण माफ. त्या उरलेल्या पाव तिकिटाबद्दल त्यांचा सरकारवर कायमचा राग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. दाजी त्याला नुसतं ‘मित्र’ म्हणतात आणि रोज एकदा भेटून येतात. काम काय, तर काही नाही. ‘‘वळख ऱ्हावी,’’ म्हणतात.

बाकड्यावर दाजींचा दरबार भरतो. जालन्याचे, जळगावचे, बिहारचे, बंगालचे सगळे येतात. दाजींची हिंदी कुर्डुवाडी स्टेशनावर घडलेली, पण बिहारच्या माणसाला ती कळते, कारण दोघांनाही विचारायचं एकच असतं: तुम्हाला काय सांगितलं? मग तुलना सुरू. शेजारच्याला पेट स्कॅन सांगितला, आपल्याला का नाही? आपलं दुर्लक्ष होतंय का? सगळ्यांना सगळ्या तपासण्या लागत नाहीत, जिभेच्या लहान जखमेला एमआरआय पुरतो, हे सिस्टरनं समजावलं. दाजींनी मान हलवली आणि दुपारी वॉर्डबॉयला विचारलं. वॉर्डबॉय म्हणाला, मोठ्या लोकांना सांगतात. हे उत्तर दाजींना जास्त पटलं.

इतिहासही ते सांगतात. टाटांनी हे 1941 साली सुरू केलं, हे बरोबर. 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडं आहे, हेही बरोबर. ‘‘म्हणून तर इथला शेक कडक,’’ हे दाजींचं स्वतःचं.

फक्त एका विषयावर दाजी बोलत नाहीत. स्टेज. दुसऱ्याची स्टेज ते बेधडक विचारतात, आणि कोणी चौथी म्हणाला की धीरही देतात: तोंडाच्या कॅन्सरमध्ये चौथीतसुद्धा ऑपरेशन होतं, बरं करायच्या इराद्यानंच होतं. हे त्यांनी खरंच डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे आणि ते खरंही आहे. मात्र मेव्हण्याचा एमआरआयचा लिफाफा हातात आला तेव्हा तो त्यांनी न उघडता फाइलीत सर्वांत खाली ठेवला. मेव्हण्याच्या बायकोनं विचारलं, ‘‘दाजी, काय लिवलंय?’’ तर म्हणाले, ‘‘इंग्लिश लई बारीक हाय, वैनी.’’

जॉइंट क्लिनिकच्या दिवशी दाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला. बाहेर त्यांनी चौदा प्रश्न पाठ केले होते. कोणता प्रश्न आधी आणि कोणता नंतर, हेसुद्धा ठरलं होतं. आत गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मेव्हण्याची जीभ धरून बघितली, मान चाचपली, आपसात दोन-तीन वाक्यं बोलले आणि म्हणाले, ऑपरेशन करू. जिभेचा भाग काढू आणि त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढू. शेक लागेल की नाही, ते नंतरचा रिपोर्ट सांगेल. काही विचारायचंय?

दाजी म्हणाले, ‘‘व्हय सायेब.’’

डॉक्टर थांबले. दाजी पुन्हा म्हणाले, ‘‘व्हय सायेब.’’ चौदापैकी एकही प्रश्न बाहेर पडेना.

विचारलं ते मेव्हण्याच्या बायकोनं. इतके दिवस ती डबा, पाणी आणि पिशव्या सांभाळत मागं बसलेली. ‘‘जखम जिभंला हाय, मग मान कशापायी कापायची? तिथं तर गाठ लागत न्हाई हाताला.’’

अख्ख्या बाकड्यात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कॅन्सरचे डॉक्टरसुद्धा या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद घालत होते: गाठ लागत नसताना मान आधीच साफ करायची, की लक्ष ठेवून गाठ आली तर मग करायची? त्याचा निकाल याच हॉस्पिटलात लागला. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही रीतींची पेशंटांवर रीतसर तुलना केली आणि 2015 साली पहिल्या 500 पेशंटांचे आकडे छापले. मान आधीच साफ केलेल्यांपैकी 80 टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते; वाट बघितलेल्यांत 67.5 टक्के. डॉक्टरांनी तिला हे आकड्यांशिवाय, सोप्या शब्दांत सांगितलं: हाताला लागत नाही म्हणजे तिथं काही नाही, असं नसतं. आधी काढलेलं बरं. ती म्हणाली, ‘‘मग काढा.’’

निघता निघता एका तरुण डॉक्टरनं दाजींच्या खिशाकडं बघितलं. चुन्याची डबी तिथं चांगली गोल उमटली होती.

‘‘तुम्ही खाता?’’

‘‘सोडली, सायेब.’’

‘‘कधी?’’

‘‘आज सकाळी.’’

डॉक्टरनं तोंड उघडायला सांगितलं. आपली तीन बोटं उभी धरून आत जातात का बघा, म्हणाला. सुपारी-तंबाखूनं तोंड आखडायला लागलं की तिसरं बोट अडतं. दाजींचं अडकत अडकत गेलं. त्यांना वेगळ्या खिडकीवर तोंड तपासून घ्यायला सांगितलं, वेगळा कागद दिला. या कागदाची झेरॉक्स मात्र त्यांनी काढली नाही.

बाहेर जिन्याखाली येऊन त्यांनी गावी फोन लावला. पलीकडं त्यांची बायको, सासू, चुलते, सगळे स्पीकरभोवती. ऑपरेशन ठरलं, मानेतल्या गाठीबी काढणार, असं दाजींनी सांगितलं. आधी काढलेलं का बरं, तेही वैनींच्या प्रश्नासकट, आपल्या नावावर सांगितलं. पलीकडून कोणी तरी विचारलं, हे ठरवलं कुणी?

‘‘एकट्यानं न्हाई ठरवत इथं,’’ दाजी म्हणाले. ‘‘मीटिंग असती. सर्जन हुते, शेकवाले हुते, केमोवाले हुते, मी हुतो.’’